न्हाणीतली रवी

अक्काच्या घरी ताक मिक्सरमध्ये व्हायचं. एवढी एक गोष्ट मी आईला पत्रात लिहिली नसती, तर पुढचं काही घडलं नसतं आणि मी लाकूड कातायला कधी शिकले नसते. तक्रार म्हणून लिहिलं नव्हतं. पोट भरतं आहे, अभ्यास होतो आहे, सगळे प्रेमानं वागवतात, असं सगळं लिहून झाल्यावर कागद उरला होता, म्हणून शेवटी गंमत म्हणून लिहिलं की इथलं ताक म्हणजे पांढरं पाणी, वर लोण्याचा ठिपकासुद्धा नसतो. आई माझी पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची. वाचणाऱ्यानं ती ओळ कोणत्या सुरात वाचली कोण जाणे.

आमचं गाव निपाणीजवळचं. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला, आईकडे एक म्हैस. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. गावच्या शाळेतल्या बाईंनी वडिलांच्या मागे लागून मला बी.एस्सी.ला घालायला लावलं, आणि बंगळूरला राहायची सोय झाली ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे वडिलांचे धाकटे चुलतभाऊ. डिप्लोमा करून ते बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात लागले आणि तिथलेच झाले. त्यांची बायको अक्का. तिच्या माहेरचे लोक किती पिढ्यांपूर्वी बंगळूरला आले ते तिलाही सांगता यायचं नाही. नात्यानं ती माझी काकू, पण सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्का म्हणू लागले. तिचं मराठी मला पहिल्या दिवशी निम्मं कळलं नाही. "बेगा ये ग, स्वल्प कॉफी घे, मग पेटी उघड. सरी ना?" असं ती बोलायची; बेगा म्हणजे लवकर, स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं. त्यांचा मुलगा होस्टेलवर शिकत होता. त्याची खाट मला मिळाली.

चामराजपेटेतलं ते घर अरुंद आणि लांब होतं. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, शेवटी स्वयंपाकघर, मग उघडं अंगण. अंगणात एका कडेला न्हाणी आणि तिला लागूनच अण्णांची पत्र्याची शेड. सकाळी जाग यायची ती बंबात लाकडं सारल्याच्या आवाजानं. मग कॉफीचं फिल्टर ठोकल्याचा आवाज, मग कोपऱ्यावरच्या वळणावर बस अडकली की तिचा भोंगा. संध्याकाळी अण्णा कामावरून आले, धोतर नेसून कॉफी प्यायले की शेडमधून मोटारीची घरघर सुरू व्हायची. त्यांनी जुन्या पाण्याच्या पंपाची मोटार घेऊन, लोखंडी भंगार जोडून लाकूड कातायचं एक छोटं लेथ स्वतः बनवलं होतं. अक्का त्या आवाजाला "तुझ्या काकांची दुसरी बायको" म्हणायची. शेडमध्ये ती पाऊल टाकत नसे, भुशानं तिला शिंका यायच्या.

अक्काच्या हातचं जेवण मी अजून विसरलेले नाही. शेवग्याची हुळी म्हणजे आंबट आमटी, कच्च्या कैरीचं चित्रान्न म्हणजे फोडणीचा पिवळा भात, आणि तिला स्वतःला भात आवडत असूनही माझ्यासाठी रोज केलेल्या चपात्या. मला ताप आला तेव्हा ती उशाशी बसून होती. हे सगळं मी आधी लिहून टाकते, कारण पुढं जे येणार आहे ते वाचून कुणी म्हणेल की बाई कृतघ्न आहे. मी कृतघ्न नाही. माझ्या पदवीत त्या घरच्या चपात्यांचा वाटा आहे, हे मी कुठेही सांगेन. पण अक्काला ते मी सांगायची वाट बघवत नसे. घरी कुणीही आलं, वाणी आला, पोस्टमन आला, तरी ती सांगायची, "ही आमच्या यांच्या गावाकडची. शिकायचं म्हणाली, आम्हीच ठेवून घेतलं. नाहीतर तिकडं काय, बिड्याच वळल्या असत्या." तेव्हा मी कॉफीचा ट्रे घेऊन उभी असायची आणि हसायची. ते हसू माझ्या चेहऱ्यावर इतकं बसलं होतं, की एकदा वर्गात बाई रागावल्या तेव्हाही मी तशीच हसले आणि जास्त बोलणी खाल्ली.

पहिल्या वर्षीच्या थंडीत आई मला भेटायला आली. रात्रभर बसमध्ये बसून, मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब उभं धरून आली. घरात पाय धुतल्यावर तिनं ते अक्काच्या हातात दिलं. रवी होती. तिच्या आईनं तिला लग्नात दिलेली, शिसवाची, खांबाला दोरी लावून घुसळायची मोठी रवी. दांडी माझ्या मुठीत मावत नसे. खालचं फूल एकाच लाकडात कोरलेलं, जाड पाकळ्यांचं. दांडीवर दोरी फिरून फिरून दोन चर पडले होते आणि इतक्या वर्षांच्या लोण्यानं ती अशी तुळतुळीत झाली होती की बोट लावलं तर घसरावं. घरी आईनं स्वतःला लहान रवी ठेवली होती.

"पोरीनं लिवलं हुतं ताकाचं," आई म्हणाली. "म्हटलं, अक्कांस्नी देऊ."

त्या वेळी शेजारच्या दोघी बायका बसलेल्या होत्या. अक्कानं रवी हातात घेऊन वरखाली केली, जशी आपण बाजारात दुधी भोपळा बघतो तशी, आणि हसली. "अय्यो जाऊबाई, आता हे कोण घुसळत बसणार? आमच्याकडं मिक्सर आहे, नाही का." मग त्या बायकांकडे वळून कानडीत म्हणाली, "पाप, घरात होतं ते घेऊन आली." पाप म्हणजे बिचारी. आईला कानडी येत नाही असं तिला वाटलं. निपाणीच्या बाजारात निम्मं आयुष्य गेलेल्या बाईला तेवढं कानडी येतं. आईनं पदर सारखा केला आणि बायकांना प्रवास कसा झाला ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंघोळीला गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही. मी दारापाशी गेले. ती बंबाशेजारच्या पातेल्याकडे बघत उभी होती. अक्का चादरी आणि धोतरं सोड्याच्या उकळत्या पाण्यात भिजत घालायची आणि एका काठीनं खाली दाबायची. आज त्या पातेल्यात रवी होती. फूल खाली, दांडी वर, सोड्याच्या फेसात. कामवालीनं चुकून घेतली असेल असं म्हणायची सोय नव्हती, कारण कपडे भिजवायचं काम अक्का स्वतः करायची.

आई मला म्हणाली, "रंग जाईल तिचा." एवढंच. मग तिनं अंघोळ केली, दुपारी जेवताना चित्रान्न चांगलं झालंय असं अक्काला सांगितलं आणि रात्रीच्या बसनं परत गेली. मी तिला पोचवून आले, अक्काच्या घरी येऊन भांडी पुसली आणि ठरवलं. काय ते ठरवलं नव्हतं. फक्त एवढंच, की आईची ती वस्तू अक्कानं घरातल्या सगळ्यांत वरच्या जागी स्वतःच्या हातानं ठेवली पाहिजे. त्याशिवाय मी या घरातून जाणार नाही.

आज लोक म्हणतात मन मोकळं करावं, बोलून टाकावं. माझी सून तर प्रत्येक गोष्टीवर हेच सांगते. मी तेव्हा बोलले असते तर अक्का डोळ्यांत पाणी आणून सॉरी म्हणाली असती, रवी पुसून माळ्यावर टाकली असती आणि गल्लीला सांगितलं असतं की पोरीला आम्ही ठेवून घेतलं तर तिनं काठीवरून भांडण काढलं. मला ते नको होतं. मला अन्याय झालाय हे पटवून द्यायचं नव्हतं, मला फेड हवी होती.

पुढच्या रविवारी अक्का तिच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली असताना मी न्हाणीतून रवी उचलली आणि पहिल्यांदाच शेडमध्ये गेले. अण्णा कानस घासून पटाशीला धार लावत होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी रवी बघितली, हातात घेतली, वास घेतला. सोड्यानं ती राखाडी पडली होती, पाकळ्यांच्या कडा फुगल्या होत्या.

"वहिनींची ना ही?"

"हो. नीट होईल का?"

"वरचा पापुद्रा काढला तर आत अजून काळं असेल. पण आता ओली आहे. ओली असताना हात लावला तर तडकेल." त्यांनी शेडच्या कोपऱ्यातल्या भुशाच्या पोत्यात ती उभी खुपसली आणि वर फडकं टाकलं. "वाळू दे तिला. तोवर तू शिक."

अक्काला काठी सापडेना तेव्हा अण्णांनी तिला एक बांबू कापून दिला. तिनं परत विचारलंही नाही.

असं माझं शिकणं सुरू झालं. लेथ म्हणजे तसं साधं यंत्र. लाकडाचा तुकडा दोन टोकांमध्ये आडवा अडकवायचा, मोटारीनं तो गरगर फिरतो, आणि समोरच्या लोखंडी टेकूवर पटाशी ठेवून आपण तो छिलायचा. लाकूड फिरतं, हत्यार स्थिर. अण्णांनी पहिल्या दिवशी मला मोटार लावूच दिली नाही. तुकड्याच्या दोन्ही तोंडांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीनं रेघा मारायच्या, त्या जिथं छेदतात तो मध्य, तिथं टोच्यानं खूण पाडायची. मध्य चुकला तर सगळं लाकूड थरथरतं. मग टेकू जवळ आणायचा, हातानं लाकूड एकदा पूर्ण फिरवून बघायचं, कुठं अडकत नाही ना. वेणी अंबाड्यात बांधायची, ओढणी बाहेर ठेवायची. या सगळ्यानंतर बटण.

चौकोनी लाकूड फिरायला लागलं की पटाशीवर टकटकटक असा आवाज येतो, कारण कोपरे येऊन आदळतात. हळूहळू कोपरे उडतात, टकटक बारीक होते आणि एका क्षणी सगळं थांबून नुसती सर्र ऐकू येते. गोल झालं. अण्णा डोळे मिटूनसुद्धा सांगायचे, "झालं बघ." मला ती सर्र ऐकायला कितीतरी दिवस लागले. माझं टकटक संपायचंच नाही, कारण मी पटाशी दाबायची. एकदा तिचं टोक लाकडात रुतलं आणि तुकडा उसळून पत्र्यावर असा आदळला की अक्का स्वयंपाकघरातून ओरडली, "अय्यो, काय पडलं?" अण्णांनी "मांजर" म्हणून सांगितलं.

मग मला म्हणाले, "कुणाला मारतेयस?"

मी तुकडा उचलून परत अडकवला.

"दाबू नको. तू हत्यार धरून राहा. लाकूड फिरून तुझ्याकडेच येणार आहे, जाईल कुठं?"

हे वाक्य त्यांनी पटाशीबद्दल सांगितलं. मी ते अक्कासाठी जपून ठेवलं. त्यानंतर मी घरात अक्काशी जास्त चांगली वागायला लागले. तिचे पाय दाबायची, भाजी निवडायची, पाहुण्यांसमोर ट्रे घेऊन पूर्वीपेक्षा छान हसायची. हत्यार धरून राहिले होते.

आधी मी नुसते दांडके केले, एकामागून एक, सरळ येईपर्यंत. मग एक लाटणं, मधे फुगीर आणि एका टोकाला बारीक, अक्काची पहिली चपाती त्यावर त्रिकोणी झाली. मग भोवरे. मग झाकणाचा कुंकवाचा करंडा, ज्याचं झाकण बसतच नव्हतं आणि जेव्हा बसलं तेव्हा निघेना. खेळणी करतात तशी लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवायला अण्णांनी शिकवलं. घासून लाकूड तापतं, लाख वितळते आणि रंगाचा पट्टा उमटतो. त्यावर केवड्याचं वाळलेलं पान दाबून धरलं की ती आरशासारखी चमकते. शेडभर लाखेचा गोडसर जळका वास पसरायचा. रोज जाताना मी फडकं उचलून रवीला हात लावायची. वाळत होती. तेव्हा वाटत होतं, तिला छिलून पुन्हा काळी करावी आणि आईला परत न्यावी. पण ते नुसतं परत नेणं झालं असतं.

नवरात्र जवळ आलं. बंगळूरच्या घरांतून नवरात्रात बाहुल्या मांडतात, गोंबे म्हणतात त्यांना. अक्काच्या माहेरीही कधीतरी ती चाल आली आणि आपलीच झाली. हॉलमध्ये पायऱ्या रचायच्या, त्यांवर पांढरं धोतर अंथरायचं, खालच्या पायरीला वाण्याचं दुकान, वर लग्नाची वरात, त्याच्या वर देवदेवता, आणि सगळ्यांत वर पट्टाचे राजाराणी. ती लाकडी जोडी मुलीला माहेरून लग्नात मिळते. अक्काची जोडी तिच्या आईची, तिच्याही आधीच्या कुणाची. वर्षभर ट्रंकेत, नवरात्रात नऊ दिवस रोज त्यांना कुंकू, रोज आरती. आणि एकदा राजा पायरीवर बसवला की दसऱ्याच्या संध्याकाळी आडवा निजवेपर्यंत त्याला हलवायचं नाही. घरात काहीही होवो. अक्काच्या घरचा हा नियम इतका कडक होता की एकदा भिंतीला ओल आली तरी पायऱ्या तशाच ठेवल्या होत्या, असं अण्णा सांगत.

त्या वर्षी ट्रंक उघडली आणि अक्कानं राजा उचलला, तर त्याचं अंग तिच्या हातात राहिलं आणि पाय ट्रंकेत. वाळवीनं तो आतून पोखरला होता. राणी धडधाकट होती. अक्का जमिनीवर बसली आणि रडली. खरंच रडली, आवाज न करता. मला तेव्हा वाईट वाटलं का? नाही वाटलं. मी तिच्याकडे बघत होते आणि मला आईचं न्हाणीतलं उभं राहणं आठवत होतं. तीही आवाज न करता उभी होती.

"बाजारातनं नवा आणू," अण्णा म्हणाले.

"माझ्या आईच्या राणीशेजारी बाजारचा राजा?" अक्का म्हणाली. "त्यापेक्षा मांडतच नाही यंदा."

"मग मंगल करेल," अण्णा माझ्याकडे बोट करून म्हणाले. "जुनं लाकूड पाहिजे मात्र. नव्याला चीर जाते."

अक्कानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "जमेल ग तुला?"

"जमेल, अक्का," मी म्हणाले. हत्याराकडे लाकूड आलं होतं.

शेडमध्ये मी भुशातून रवी काढली आणि अण्णांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत घातला. बराच वेळ ते रवीकडे आणि मग माझ्याकडे बघत होते. तिचं काय होणार हे त्यांना कळलं नसेल असं शक्य नाही. "दांडीत राजा निघेल," ते म्हणाले. "फूल उलटं केलं तर आसन म्हणून चांगलं दिसेल." आणि दार लोटून घेतलं.

दांडी कापताना मात्र माझा हात थांबला. आईची वस्तू होती, तिच्या आईनं दिलेली. मग राखाडी पडलेल्या पाकळ्यांवर नजर गेली आणि करवत चालवली. दांडीवर पटाशी टेकवली तशी राखाडी साल उडून गेली आणि आतून काळं, तेलकट शिसव निघालं. लाकूड तापलं तसा शेडमध्ये लोण्याचा वास आला. इतक्या वर्षांचं लोणी त्या लाकडात मुरलं होतं, सोड्याला ते पुरतं काढता आलं नव्हतं. अण्णांनी मान वळवली. बहुतेक त्यांना गाव आठवलं. मी राजाचं डोकं काढलं, मुकुट काढला, खांदे उतरवले. दोरीनं पडलेल्या दोन चरांपैकी एक त्याच्या कमरेवर आला होता. तो मी छिलला नाही. तो राजाचा कमरपट्टा झाला. मुकुटाला पिवळी लाख, अंगरख्याला लाल. फुलाला मात्र रंगाचं बोटही लावलं नाही. नुसतं घासून, केवड्याचं पान दाबून चमकवलं आणि उलटं करून राजाच्या पायाखाली बसवलं. कुणीही, ज्यानं आयुष्यात एकदा ताक घुसळलंय अशा कुणीही, ओळखलं असतं.

अक्कानं ओळखलं नाही. ती राजा हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवून बघत राहिली. "अय्यो, कमळ काय सुंदर काढलंस ग," म्हणाली. "पाकळ्या बघा हो, पाकळ्या." आणि माझी दृष्ट काढली. घटस्थापनेच्या सकाळी तिनं नवीन धोतर अंथरलेल्या वरच्या पायरीवर स्वतःच्या हातानं त्याला राणीशेजारी बसवलं, हळद लावली, कुंकू लावलं, त्या पाकळ्यांवर फूल वाहिलं आणि हात जोडले. मी तिच्या मागे उभी होते. इतकं सुख मला पदवीच्या दिवशीसुद्धा झालं नाही, हे मी खरं सांगते.

पण ते अर्धं सुख होतं. ज्याला माहीत नाही त्याच्यावर सूड कसला? मी आईला आधीच निरोप धाडला होता की अष्टमीला ये, गोंबे बघायला ये. कशाला ते कळवलं नव्हतं. अष्टमीला मंडळाच्या सगळ्या बायका यायच्या. अक्का त्या दिवशी मोरपंखी इरकल नेसली होती, हॉल सुंडलीच्या, म्हणजे प्रसादाच्या हरभऱ्याच्या उसळीच्या, आणि मोगऱ्याच्या वासानं भरला होता, चटईवर पाय ठेवायला जागा नव्हती. अक्का प्रत्येकीला वरच्या पायरीपाशी नेऊन सांगत होती, "आमच्या मंगलनं केला. आम्हीच शिकवलं. आमच्या यांनी. बघा, कमळावर बसवलाय." आई दुपारच्या बसनं पोचली. अक्कानं तिलाही हाताला धरून पुढं नेलं. गर्दीसमोर तिचा स्वभाव फार मोकळा व्हायचा.

"बघा जाऊबाई, तुमच्या लेकीची करणी."

आई वाकली. आधी राजाचं तोंड बघितलं, मग तिची नजर कमरेवर आली, मग खाली. तिनं हात लावला नाही, नियम तिला मी सांगितला होता. पण मला दिसलं की तिच्या उजव्या हाताची बोटं, तिला नकळत, दोरी धरल्यासारखी मिटली. ती सरळ झाली आणि माझ्याकडे बघितलं. मी तिच्या नजरेला नजर दिली. एवढ्यानंच तिला सगळं कळलं.

"कमळ न्हवं हे, अक्का," आई म्हणाली. आवाज अगदी साधा, जसं ही भाजी मेथी नाही, चाकवत आहे, असं सांगावं. "रवी हाय. माझीच. तुमच्या न्हाणीत हुती ती."

चटईवरच्या बायका राजाकडे माना वळवून बघू लागल्या. मग बेळगावकडच्या एक म्हाताऱ्या बाई पुढं वाकून म्हणाल्या, "अग बाई, खरंच की, रवीचंच फूल." आणि मागून कुणीतरी हसू दाबलं. शेजारच्या त्या दोघी तिथंच होत्या. पाप, घरात होतं ते घेऊन आली, हे ज्यांच्या कानावर पडलं होतं त्याच. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. अक्काचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तिचा हात राजाकडे गेला आणि वाटेतच थांबला. बसवलेला राजा उठवता येत नव्हता. तिचाच नियम, इतक्या बायकांसमोर.

अक्का हुशार होती, हे कबूल करायला हवं. क्षणभरात तिनं आरतीचं तबक उचललं आणि आईपुढं धरलं. "सरी," म्हणाली. "तुमचीच वस्तू. आज आरती तुम्ही करा जाऊबाई." बायका खूश झाल्या. एका वाक्यात तिनं सगळं गोड करून टाकलं होतं. आईनं तबक घेतलं असतं की संपलं असतं.

आईनं दोन्ही हात मागे घेतले. पदर डोक्यावर नीट ओढला.

"न्हाई अक्का," ती म्हणाली. "आरती घरच्या बाईनं करायची असती. तुम्हीच करा. मी म्हणते."

आणि तिनं टाळ्या वाजवत आरती म्हणायला सुरुवात केली. बायकांनी उचलून धरली. अक्का तबक घेऊन उभी राहिली, सगळ्यांच्या देखत, आणि रवीला ओवाळू लागली. एक आरती संपली की आई दुसरी काढायची. तिला इतक्या आरत्या येतात हे मला माहीत नव्हतं. अक्काचा हात दुखायला लागला, कापूर विझला तर आईनं प्रेमानं दुसरी वडी पुढं केली. आठनऊ महिने मी लाकडाला हात लावून जे शिकले होते ते ही बाई न शिकता करत होती. ती धरून उभी होती.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर अक्कानं अण्णांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" अण्णा सुंडली खात होते. "लाकूड चांगलं होतं," म्हणाले. नवमीला आणि दसऱ्याला अक्कानं आरती केली. मी दोन्ही वेळा घंटा वाजवली. दसऱ्याच्या संध्याकाळी राजाला आडवं निजवल्यावर मी म्हणाले, "अक्का, आता तो मी आईला देते." तिनं राजाला जुन्या रेशमी साडीत गुंडाळलं, राणीशेजारी ठेवलं आणि ट्रंकेला कुलूप लावलं. "पट्टाचा राजा घराबाहेर जात नाही," म्हणाली. "तूच तो पट्टासाठी घडवलास." तिनंही तिचा हिशोब पुरा केला. तरी माझ्या चपात्या बंद झाल्या नाहीत. पदवी होईपर्यंत रोज ताटात पडत होत्या, आणि मी रोज खात होते.

आई अष्टमीच्या रात्रीच परत गेली होती. तिला बसस्टँडवर सोडताना मी विचारलं, राग आला का रवी कापली म्हणून. ती खिडकीत सामान लावत होती. "दांडीचा तुकडा उरला का?" म्हणाली. मी पिशवीतून काढून दिला, मी तो जवळ ठेवला होता. तिनं वास घेतला, कमरेला खोचला आणि म्हणाली, "अक्कांचा हात दुखत असंल आज."

आई गेली. अण्णाही गेले, जाताना लेथ मला देऊन गेले. यशवंतपूरला आमच्या गच्चीवर ते आहे, मोटार तेवढी बदलली. अक्का आता नव्वदीला टेकली आहे, बनशंकरीला मुलाच्या फ्लॅटमध्ये असते. गुडघे गेले, ऐकू कमी येतं, पण नवरात्रात स्टीलच्या पायऱ्या रचून घेते. गेल्या काही वर्षांत तिनं नवीनच गोष्ट सुरू केली आहे. पुण्याहून आलेल्या नातसुनेला, सोसायटीतल्या बायकांना, सगळ्यांना सांगते, "मीच म्हटलं मंगलला, या रवीचा राजा कर. जुनं लाकूड, वाया कशाला घालवायचं." सगळ्या तिचं कौतुक करतात. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा तिला परत सांगायला लावलं. इतक्या वर्षांनी ती माझा सूडसुद्धा आपल्या नावावर करून घेत होती, आम्हीच ठेवून घेतलं म्हणायची तसाच.

म्हणून मी दरवर्षी अष्टमीला जाते. मेट्रोनं जाते, मोसंबी घेऊन जाते. घरात शिरले की आधी वाकून अक्काच्या पायांवर डोकं ठेवते, ते खरं असतं, त्यात काही खोट नाही. मग उठते आणि तिचं सांगणं संपलं की बायकांना मोठ्यानं सांगते, अक्काला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "न्हाणीत होती ती रवी. सोड्याच्या पाण्यात. माझ्या आईची." बायकांना वाटतं म्हाताऱ्या झाल्या दोघी, एकमेकींना दुरुस्त करतात. अक्का माझ्याकडे बघते. तिला कळतं मी कशाला येते. इतकी वर्षं तिनं एकदाही मला येऊ नको म्हटलं नाही.

यंदाही तसंच झालं. मी सांगितलं, तिनं ते ऐकून घेतलं. मग नातसुनेला म्हणाली, "हिला कॉफी दे. स्वल्प थांब ग मंगल, कुंकू राहिलंय." भिंत धरून उठली, करंडा उघडला, माझाच तो, झाकण अजून घट्ट बसतं. आधी राणीला लावलं. मग राजाला. मग चष्मा नाकावर सारून एकेका पाकळीला लावत बसली. मी कॉफी हातात घेऊन बघत होते. एक पाकळी राहिली होती, मागच्या बाजूची. मी तिला दाखवली. तिनं तिलाही लावलं.